बोट आदळली रायगडात, नोटीस आली अंबडला

प्रश्न: वकीलसाहेब, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. डिझेल बोटींच्या इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आम्ही जुळवतो. सर्किट बाहेरून मागवतो, बॉक्समध्ये बसवून आमचं लेबल लावतो. रायगडातल्या एका प्रवासी बोटीवर आमच्याच माणसाने जुनी केबल काढून हा कंट्रोल बसवला. तीन महिन्यांनी धक्क्याला लागताना तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) लिव्हर मागे ओढला, तरी बोट पुढेच गेली आणि आदळली. नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा भाग फुटला, एका प्रवाशाचं मनगट मोडलं. मालकाची १४ लाखांची नोटीस आली आहे, त्यातले ७ लाख बुडालेल्या धंद्याचे. बॉक्स काढून त्याने कुरिअरने माझ्याकडे पाठवलाय, ‘तपासून सांगा’ म्हणून. मला शंका आहे की त्याने सर्चलाइट आणि अँप्लिफायर आमच्याच वायरवर जोडले होते. माझ्या बिलावर ‘जबाबदारी फक्त दुरुस्तीपुरती, न्यायक्षेत्र नाशिक’ असं छापलेलं आहे. मी सुटेन ना?

उत्तर: सगळ्यात आधी एक सांगतो, तो बॉक्स उघडू नका. दोष कुठे आहे ते बघायला तुमचे हात शिवशिवत असतील, पण एक स्क्रू जरी फिरला तरी पुढे ‘कारखानदारानेच आत काहीतरी केलं’ असं म्हणायला समोरचा मोकळा. पार्सल आलं तसं ठेवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, दोन त्रयस्थ माणसांसमोर सील करा आणि मालकाला लेखी कळवा की तपासणी दोघांच्या समक्ष होईल. बॉक्सला सप्लायही देऊ नका. बिघाडाचे कोड मेमरीत राहत असतील तर नुसत्या चालू करण्यानेही जुनी नोंद पुसली जाऊ शकते. जादा जोडणीमुळे व्होल्टेज पडल्याचा तुमचा एकमेव पुरावा कदाचित तिथेच असेल. ग्राहक आयोगात प्रकरण गेलं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्या दिवशी तुमचं सील शाबूत असायला हवं. मेमरीतली नोंद छापून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचं, प्रमाणपत्र सोबत जोडावं लागेल.

आता बिलावरची ओळ. तिच्यावर फार विसंबू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार स्वतः राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे तुम्हाला अलिबागला जावं लागेल. दिवाणी दावा झाला तर ‘न्यायक्षेत्र नाशिक’चा उपयोग होऊ शकतो, पण मालकाने सही केलेली ऑर्डर असेल तर ती नुसत्या बिलापेक्षा भक्कम. ‘आम्ही फक्त जुळवणी करतो’ हेही चालणार नाही. दुसऱ्यांनी केलेले भाग जुळवणारा आणि वस्तूवर स्वतःचं नाव लावणारा, दोघेही या कायद्यात उत्पादकच आहेत.

मालक ग्राहक ठरतो का, हा मुद्दा मात्र खरा आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली आहे. पोटापाण्यासाठी स्वतः यंत्र चालवणारा ग्राहक ठरतो, मदतीला एक-दोन माणसं असली तरी. सगळं काम पगारी माणसांवर सोडून धंदा करणारा ठरत नाही. मालक स्वतः बोटीवर असतो का, बोटी किती, तांडेल पगारी आहे का, हे शोधा. पण हा मुद्दा जिंकलात तरी वाद संपत नाही. आयोगाची मुदत दोन वर्षं, दिवाणी दाव्याची तीन. मालक उठून दिवाणी न्यायालयात जाईल.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर ७ लाखांचा आकडा कच्चा आहे. ग्राहक कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, तरतुदींत ‘हानी’ची व्याख्या आहे, त्यात व्यापारी किंवा आर्थिक नुकसान धरलेलं नाही. तुमच्या बॉक्सचं स्वतःचं नुकसानही नाही. मोडलेलं मनगट आणि फुटलेली नाळ मात्र त्यात बसते, कारण बोट ही तुमच्या वस्तूहून वेगळी मालमत्ता आहे.

आणि मला खरी काळजी वाटते ती इथे. लिव्हर पुढून मागे ओढला की तुमचा बॉक्स आधी इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर आणतो, थोडा थांबतो, मग गिअर न्यूट्रलला आणि त्यानंतर मागे टाकतो. गिअरबॉक्स वाचवण्यासाठी ही थांबण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. केबलच्या लिव्हरवर हात बसलेल्या तांडेलाला ते ठाऊक नसेल तर धक्का समोर आल्यावर त्याला वाटणार, लिव्हरने ऐकलंच नाही. हे त्याला कोणी करून दाखवलं होतं का? तुमच्या माणसाने बोट चालवून दाखवली, की इंग्रजी पुस्तिका मालकाच्या हातात देऊन संध्याकाळची गाडी पकडली? कलम ८४ मध्ये पुरेशा सूचना आणि इशारे न देणं हा उत्पादकाच्या दायित्वाचा स्वतंत्र आधार आहे. सर्किट निर्दोष निघालं तरी या एका कारणावर तुम्ही अडकू शकता.

वायरचंही तसंच आहे. स्टार्टरच्या बॅटरीवर इतर भार टाकला की व्होल्टेज खाली येतो आणि असे बॉक्स अलार्म देतात किंवा बंद पडतात. वस्तूत फेरफार किंवा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दायित्वाची कारवाई होऊ शकत नाही असं कलम ८७ सांगतं, आणि थेट विकणारा उत्पादक विक्रेतासुद्धा असतो. पण त्यासाठी जोडणी तुम्ही दिली तेव्हा कशी होती ते दाखवावं लागेल. तुमच्या माणसाच्या फोनमध्ये बसवणीचे फोटो असतील, ते आजच काढून घ्या. मूळ फाइल हवी, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत नको. स्वतंत्र वायर टाकण्याची सूचना कुठल्या कागदावर, कोणत्या भाषेत होती, तेही शोधा. मालकाकडून बोटीच्या सर्वेक्षणाची आणि अपघाताच्या खबरीची प्रत मागवा. प्रवासी बोटींचं सर्वेक्षण महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे असतं, कंट्रोल बदलल्याचं तिथे कळवलं होतं का, हाही प्रश्न आहे.

नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका. त्यात चूक कबूल करू नका आणि तांडेलावर थेट ठपकाही ठेवू नका. वस्तू सुरक्षित आहे, संयुक्त तपासणीला तयार आहोत, एवढं ठाम लिहा. ‘बदलून देतो’ असे फोनवरचे मेसेज बंद करा. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा, बहुतेक पॉलिसींत परवानगीशिवाय जबाबदारी कबूल करायला मनाई असते. तक्रार दाखल झालीच तर लेखी म्हणणं ३० दिवसांत, आणि आयोगाने वाढ दिली तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. एक दिवस उशीर झाला तरी म्हणणं घेतलं जात नाही.

आणि हेच बॉक्स ज्या-ज्या बोटींवर आहेत, त्या सगळ्यांना याच आठवड्यात मराठीत पत्र पाठवा: लिव्हर ओढल्यावर गिअर पडायला वेळ लागतो, स्वतंत्र वायर हवी, अलार्म वाजला की प्रवासी घेऊ नका. हे पत्र तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल अशी भीती वाटेल. मसुदा मला दाखवा, कबुली वाटणार नाही असा करून देतो. पण पाठवायचंच, कारण त्या बोटींवर रोज माणसं चढतात.