लसूणघास लवकर वाळवायचे यंत्र: घ्यावे का, कोणते?

प्रश्न: ३ एकर आरएल-८८ जातीचा लसूणघास आणि १५ गाई आहेत. उन्हाळ्यासाठी घास वाळवून ठेवतो. पण वाळायला चार-चार दिवस लागतात, पाने झडतात आणि हाती नुसत्या काड्या राहतात. ट्रॅक्टरवर चालणारी दोन यंत्रे पाहिली: कापतानाच देठ चेचणारे मोअर कंडिशनर आणि कापलेला घास उधळून पसरणारे टेडर. कोणते घ्यावे?

उत्तर: टेडर घेऊ नका. कंडिशनर कामाचे आहे, पण ३ एकरांसाठी एकट्याने घेऊ नका.

हिरव्या घासात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, साठवताना ते १५ टक्के हवे. म्हणजे १ टन घासातून सुमारे ७६५ लिटर पाणी उडून जायचे, तेव्हा २३५ किलो वैरण उरते. सुरुवातीचे पाणी पानांच्या रंध्रांतून (बारीक छिद्रांतून) जाते आणि रंध्रे उघडी राहतात ती उजेडात. कापल्याबरोबर घासाचे ढीग घातले की आतली रंध्रे मिटतात आणि पहिल्या दिवसाचे ऊन फुकट जाते. नंतर उरते ते देठातले पाणी. देठावर मेणाचा थर असल्याने ते लवकर निघत नाही. तोवर पाने पापडासारखी कुरकुरीत होतात आणि हात लावला की झडतात. घासातली निम्म्याहून जास्त प्रथिने पानांतच असतात, त्यामुळे झडलेल्या घासाची वैरण म्हणजे जवळजवळ कडबाच.

कंडिशनरचे रोलर देठ ठिकठिकाणी चेपतात, पाण्याला वाट होते आणि देठ व पान जवळपास बरोबरीने वाळतात. ऊन चांगले असेल तर साधारण एक दिवस वाचतो. घासासाठी रोलरचेच यंत्र बघा. बोटांसारख्या दात्यांचे यंत्र गवताला ठीक, घासाची पाने ते झोडपून काढते. देठ चेपलेला दिसावा, तुटलेला नको. पाने काळी पडली तर रोलर फार आवळले आहेत असे समजा. मागची झडप पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर यंत्र अरुंद ओळ घालते आणि चेपल्याचा फायदा निघून जातो. साध्या मोअरपेक्षा हे यंत्र जड असते, मिनी ट्रॅक्टरला झेपणार नाही.

तुमच्या गाईंना रोज हिरवा घास लागतोच, वाळवायला उरतो तो एखाद्या एकराचा. तेवढ्यासाठी गावातली अवजार बँक (अवजारे भाड्याने देणारा गट) किंवा शेतकरी कंपनी यंत्र घेते का ते विचारा. अनुदानावर घ्यायचे ठरले तर महाडीबीटीवर (अनुदानाच्या अर्जाचे सरकारी पोर्टल) पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका. विक्रेता घाई करतो, बिल आधी फाडतो आणि मग प्रकरण अडकते.

यंत्र नसले तरी दव उठल्यावर कापा आणि शेतभर पातळ पसरा. एवढ्यानेही वाळवण लवकर होते, पैसा लागत नाही. उलटायचे असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पाने दवाने मऊ असताना, दाताळ्याने हलकेच उलटा. टेडर नको म्हणतो ते याचसाठी: पाने कडक झाल्यावर ते फिरवले की घास भुईला मिळतो. मारवेल, पवन्यासारखे गवत वाळवणाऱ्यांनी मात्र ते जरूर वापरावे. पावसाळ्यात घास वाळवायच्या भानगडीत पडू नका. मुरघास करा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून मुरवा, पण मका मिसळून; नुसत्या घासात साखर कमी, तो नीट मुरत नाही.

प्रश्न: बेलरने बांधलेले गठ्ठे आतून गरम लागतात, उग्र वास येतो. काय करावे?

उत्तर: ओले बांधले गेलेत. आजच थप्पी मोडून गठ्ठे सुटे, हवेशीर ठेवा. आतली उष्णता ६५ अंश सेल्सिअसपुढे गेली तर वैरण आपोआप पेटू शकते, म्हणून गोठ्याला लागून तर मुळीच ठेवू नका. बुरशी आलेला भाग जनावरांना घालू नका, गाभण जनावरांना तर मुळीच नको. पुढच्या वेळी बांधण्याआधी कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर वैरण तुकडे करून घ्या, दोन चमचे कोरडे मीठ टाकून झाकण लावा आणि दोन-तीन मिनिटे हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या किंवा ते काचेला चिकटले तर अजून एक ऊन द्या.