‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला, अँटीव्हायरस मात्र बसलाच नाही

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरसाठी ऑनलाइन अँटीव्हायरस घेतला. इन्स्टॉल होताना तो अर्ध्यात अडकायचा आणि एरर यायची. मदतीसाठी फोन केला तेव्हा त्यांनी रिमोटने कॉम्प्युटर ताब्यात घेतला, पडद्यावर लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि ‘हे फुकटच्या सपोर्टमध्ये बसत नाही’ म्हणत वर्षभराचा सशुल्क सपोर्ट प्लॅन घ्यायला लावला. त्यानंतर दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून तीच विचारपूस आणि तेच रीस्टार्ट. शेवटी ‘दोष तुमच्या विंडोजचा आहे’ म्हणून त्यांनी हात वर केले आणि वर ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज धाडला. पैसे परत मागितले तर ‘अटी तुम्हीच मान्य केल्यात, रिफंड मिळणार नाही’ म्हणतात. रक्कम फार मोठी नाही. पोलिसांत जाऊ, की सोडून देऊ?

उत्तर : सोडून देऊ नका, आणि पोलिसांतही लगेच जाऊ नका. आधी एका गोष्टीची खातरजमा करा. तुम्ही पैसे नक्की दिलेत कोणाला?

फोन नंबर कुठून मिळाला हे तुम्ही कळवलेलं नाही, आणि पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. लायसन्सच्या ईमेलमधून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरून घेतला असेल तर एक गोष्ट. ‘अमुक अँटीव्हायरस हेल्पलाइन’ असं सर्च करून वर आलेल्या जाहिरातीतून उचलला असेल तर मला धास्ती वाटते. त्या लाल-पिवळ्या यादीमुळे तर जास्तच. ती बहुधा विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्युअर’ची असावी. अगदी ठणठणीत कॉम्प्युटरवरही तिथे एरर आणि वॉर्निंगच्या ढीगभर नोंदी सापडतात. एखादी सर्व्हिस सुरू व्हायला उशीर झाला, एवढंही तिथे नोंदलं जातं. ती यादी उघडून समोरच्याला घाबरवणं ही तोतया सपोर्टवाल्यांची जुनी युक्ती आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ फसव्या पद्धती दिल्या आहेत, त्यांतली एक याच जातीची आहे : कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्याचा भास निर्माण करून तो काढण्याचे पैसे उकळणं.

तेव्हा बिलावरचं नाव आणि बँक स्टेटमेंटमध्ये ज्या नावाने पैसे गेले ते नाव समोरासमोर ठेवून पाहा. अधिकृत कंपनीशी त्याचा काडीचाही संबंध दिसत नसेल, तर पुढचं वाचण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला लेखी कळवा, रिमोटचं सॉफ्टवेअर काढून टाका आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. तिथे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ६६ड (कॉम्प्युटर वापरून तोतयेगिरीने फसवणूक) आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) लागू होऊ शकतं आणि पोलिसांत जाण्याला अर्थ आहे. एक मात्र आत्ताच सांगतो. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. ओटीपी तुम्हीच टाकला असेल तर बँक तो नियम सहजासहजी मानणार नाही.

पण तुमच्याकडे ‘निकाली’चा मेसेज आहे, रिफंडवर वाद घालणारे लोक अजून फोन उचलताहेत. यावरून समोर खरीखुरी कंपनी असावी आणि तिने सेवा वाईट दिली असावी असं धरून चालतो. वाईट सेवा म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. पैसे घेतानाच काही द्यायचं नव्हतं हे दाखवावं लागतं. ते नसेल तर ठाण्यातून ‘दिवाणी बाब आहे’ असं उत्तर मिळेल, आणि ते चुकीचंही नसेल. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोगात आहे.

अशा तक्रारी लिहिताना बहुतेक जण एका सापळ्यात अडकतात. अँटीव्हायरस का बसला नाही हे सिद्ध करायला जातात. जुन्या अँटीव्हायरसचे अवशेष राहिले होते, विंडोजचा अपडेट अर्धवट होता, की इन्स्टॉलरच बिघडलेला होता? या वादात कंपनीचे तज्ज्ञ तुम्हाला गुंडाळून ठेवतील. शिवाय ‘वस्तूत दोष आहे’ असं म्हटलंत की तपासणीचा प्रश्न येतो, आणि कायद्यात निकालासाठी धरलेली तीन महिन्यांची मुदत तपासणीच्या प्रकरणात पाच महिन्यांवर जाते. प्रत्यक्षात दोन्ही मुदती किती पाळल्या जातात ते आयोगात जाणाऱ्यांना ठाऊक आहे, पण आपण होऊन लांबण कशाला लावायची?

तुम्ही फक्त सेवेबद्दल बोला. अडचण सोडवून देतो म्हणून त्यांनी पैसे घेतले, ती सोडवली नाही आणि तरी सुटल्याची नोंद केली. दोष विंडोजचा होता असं ते म्हणतात? मग रिमोटने सगळा कॉम्प्युटर पाहिल्यावर, पैसे घेण्याआधीच ते सांगायला हवं होतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या कलम २(११)मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतील त्रुटी धरली आहे. म्हणजे त्यांचा बचावच तुमच्या बाजूने वळतो. कलम २(४७)नुसार सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेही तक्रारीत मांडा.

आता ‘अटी मान्य केल्यात’ याबद्दल. त्या टिकचा बाऊ करू नका. ‘आम्ही कशालाच जबाबदार नाही’ असं लिहून ठेवल्याने घेतलेल्या पैशांची जबाबदारी झटकता येत नाही. अटींत लवादाचं कलम, म्हणजे वाद खासगी लवादाकडेच न्यायचा अशी अट, असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. फक्त तक्रारीत ‘हा करारच अनुचित ठरवून रद्द करा’ अशी मागणी घालू नका. हौशी मसुद्यांत ती हमखास दिसते. अनुचित कराराचे विषय राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे आहेत, जिल्हा आयोगात त्यावरूनच हरकत घेतली जाईल.

पुरावा म्हणून सर्वांत मोलाचा कागद तो मेसेजच. त्याचा स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असा घ्या. त्यानंतरही तीच एरर येतेय याचा दुसरा स्क्रीनशॉट त्याच्यामागे लावा. दोन पानं शेजारी ठेवली की वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. चॅटचे उतारे, बिलं, प्लॅन विकताना आलेला ईमेल असं सगळं गोळा करा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा. फोनवर काय आश्वासन दिलं हे तुमच्याकडे नसेल, पण ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ हे त्यांनीच ऐकवलेलं असतं. नोटिशीत लिहा की ती रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि आयोगासमोर हजर करा. ती त्यांनी आणली नाही तर का आणली नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

नोटीस कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. ई-कॉमर्स नियम, २०२०नुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या एवढ्यावरच नरमतात.

नाही नरमल्या, तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. शुल्क ठरवताना मोजदाद तुम्ही दिलेल्या पैशांची होते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, आणि तुमच्या रकमेसाठी मी तरी वकील करू नका असंच म्हणेन. मुदत दोन वर्षांची आहे. ती शेवटच्या नकारापासून धरता येते असा युक्तिवाद होतो, पण तुम्ही पैसे दिलेल्या तारखेपासूनच मोजा. लायसन्स एका कंपनीचं आणि प्लॅनचं बिल दुसरीचं असेल तर दोघींनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर त्या एकमेकींकडे बोट दाखवत बसतील. मागणी माफक ठेवा : प्लॅनचे पैसे, लायसन्सचे पैसे, त्यावर व्याज, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च. काही हजारांच्या प्रकरणात दहा लाखांची भरपाई मागितली की खऱ्या मागणीचंही वजन घटतं.

हे चालू असताना बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-रिन्यूअलचा मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची परवानगी, आहे का पाहा आणि असला तर रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे, पण असे मेसेज जाहिरातींच्या गर्दीत नजरेआड होतात.

नोटीस गेल्यावर बहुधा ‘प्लॅन आणखी एक वर्ष मोफत वाढवून देतो’ असा प्रस्ताव येईल. जी सेवा चाललीच नाही ती आणखी वर्षभर घेऊन तुम्ही काय करणार? पैसेच मागा. आणि रिफंडचा ईमेल आला की ‘आता कोणतीही तक्रार उरलेली नाही’ या ओळीला होकार देण्याआधी पाहा, त्यात प्लॅन आणि लायसन्स दोन्हींची रक्कम आहे का.