वाचकांचे प्रश्न : चाळिशीनंतरचे पुल-अप्स

प्रश्न : माझं वय 46, वजन 64 किलो. चार वर्षं रोज बारा सूर्यनमस्कार घालते, चालायलाही जाते. तरी बागेतल्या सिंगल बारला लटकले की दहा सेकंदांत हात सुटतात. शरीर वर जाणं तर दूरच. या वयात पुल-अप जमेल का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल, पण सहा महिने ते वर्षभराचा हिशेब धरून चाला. सूर्यनमस्कारांनी छाती, खांदे, दंड तयार होतात, पण त्यात सगळं ढकलणं आहे, ओढणं कुठेच नाही. रहाटावरून पाणी शेंदणाऱ्या बाईच्या पाठीला जे काम रोज होतं, ते आता घरात उरलेलंच नाही. तुमचे हात कमजोर आहेत असं नव्हे, पाठीला या कामाची ओळख नाही इतकंच.

सर्वात मोठी चूक म्हणजे रोज बारखाली उभं राहून उडी मारायची आणि वर जाण्याची धडपड करायची. त्यातून ताकद वाढत नाही, कोपरं मात्र दुखावतात. पुल-अप वरून खाली उतरत शिकायचा असतो, कारण तोच स्नायू वर चढताना जेवढं वजन उचलतो त्यापेक्षा बरंच जास्त वजन उतरताना सावरू शकतो.

आधी मूठ. पहिले तीन-चार आठवडे बारखाली स्टूल ठेवा, पाय त्यावर टेकवून थोडं वजन पायांवर घ्या आणि 10 सेकंद लटका. असं पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. पायांवरचा भार हळूहळू कमी करत पाय न टेकता 30 सेकंद तीनदा जमले की मुठीचा प्रश्न मिटला. बार तळहाताच्या मध्यावर नको, बोटांच्या मुळाशी धरा. मध्यावर धरलं की कातडीची घडी पिळली जाते आणि घट्टे सोलतात. घाम येत असेल तर व्यायामाची खडूपूड लावा. टाल्कम पावडर लावली तर हात उलट जास्त घसरतो. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढूनच बारला हात लावायचा. अंगठी बारवर अडकून बोटाची कातडी सोलून निघते, हा अपघात खरोखर घडतो.

त्याच दिवसांत फऱ्यांची, म्हणजे खांद्यामागच्या पाठीवरच्या चपट्या हाडांची, हालचाल शिका. लटकलेल्या अवस्थेत कोपरं अजिबात न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढा, दोन सेकंद थांबा, सोडा. शरीर जेमतेम दोन-तीन इंच वर येतं. 6 ते 8 वेळा, तीन फेऱ्या. ही हालचाल कंटाळवाणी म्हणून बहुतेकजणी गाळतात आणि मग पुढे सगळा भार दंडांवर येतो.

जोडीला आडवं ओढणं ठेवा. कंबरेइतक्या उंच, पक्क्या दांडीखाली जाऊन ती धरा, टाचा जमिनीवर, शरीर फळीसारखं सरळ, आणि छाती दांडीला लावा. बागेतल्या समांतर दांड्यांपैकी एक यासाठी चालते. शरीर जितकं आडवं, तितकं काम जड. 45 अंशांच्या तिरकसपणात दहा-दहाच्या तीन फेऱ्या जमल्या की उतरण्याकडे वळा. बागेत बसून दांडे खाली ओढायचं जे यंत्र असतं त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यात भार वाढवण्याची सोयच नसते.

उतरणं असं : स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणा, तळवे स्वतःकडे, हात खांद्यांइतके अंतरावर. पाय उचला आणि मोजत खाली या. सुरुवातीला 3 सेकंदही पुष्कळ. निम्म्यावर आल्यावर शरीर धपकन सुटतं, तिथेच लक्ष द्या. तो टप्पा सावरता आला नाही तर पाय स्टुलावर टेका, पण कोसळू नका. एका दिवशी 4 ते 5 उतरणी, प्रत्येकीनंतर दीड मिनिट विश्रांती, आठवड्यातून दोनच दिवस. 5 सेकंदांच्या पाच जमल्या की 7, मग 10 सेकंद. 10 सेकंदांच्या तीन उतरणी सहज झाल्या की एका ताज्या दिवशी, अंग गरम करून, खालून वर जाऊन पाहा. तळवे स्वतःकडे असलेला प्रकार, म्हणजे चिन-अप, आधी येतो. दंडाची मदत जास्त मिळते. तळवे पुढे करून पुल-अप त्यानंतर काही आठवड्यांनी. वर जाताना ‘हनुवटी वर न्यायची’ असा विचार केला की मान ताणली जाते. त्याऐवजी दोर शेंदताना जसं कोपर कंबरेकडे येतं, तसं कोपर खाली आणा.

वजन तीन किलोंनी उतरलं तर ओढायचे तीन किलो कमी, हे खरंच. पण उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण 75 ते 100 ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18च्या आसपास. नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठणं कठीण आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वय 51. तीन महिने रबर बँड लावून पुल-अप्स करते, आठ-दहा होतात. बँड काढला की शून्य. आता उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बारला अडकवून पायाखाली घेतलेला बँड सर्वात जास्त ताणलेला असतो तेव्हा तुम्ही खाली असता, म्हणून त्याची मदत तिथेच सर्वाधिक. वर जाता जाता मदत आटते. त्यामुळे लटकलेल्या अवस्थेतून सुटायचा पहिला जोर तुम्ही कधी लावलेलाच नाही. बँड ठेवायचा तर दर तीन-चार आठवड्यांनी कमी रुंदीचा घ्या आणि 10 ऐवजी 4-5 वर थांबा. पाय त्यातून निसटला तर बँड तोंडावर येतो. पाऊल नीट रोवा आणि चिरा पडलेला बँड फेकून द्या.

दुखणं आहे ते बोटं-मनगट मुडपणाऱ्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायूंची दोरीसारखी चिवट टोकं, हाडाला जुळतात तिथलं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडऱ्याला महिने लागतात, आणि वय वाढतं तसा तो आणखी संथ होतो. वेग कोपराने ठरवायचा, उत्साहाने नाही. तीन आठवडे बँड, उतरणी, चिन-अप सगळं बंद. आडवं ओढणं चालू ठेवा, तळवे समोरासमोर येतील अशा मुठी मिळाल्या तर उत्तम. हात मांडीवर, तळवा वर ठेवून एक लिटरची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणा आणि एकट्या दुखऱ्या हाताने 4-5 सेकंदांत खाली सोडा. 15 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी निवळलं तर चालेल. करंगळीत मुंग्या येत असतील तर मज्जातंतूचा भाग असू शकतो, तेव्हा अस्थितज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : घरात बार कुठे लावावा? दारात बसणारा चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चौकटीवर अडकवायचा बार परदेशी दारांच्या जाड बाहेर आलेल्या पट्टीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे चौकट बहुधा भिंतीशी सपाट असते, तिथे तो टिकत नाही. फिरवून ताठ बसवायचा बार लाकडी चौकटीत, टोकांना आधार देणारे कप स्क्रूने बसवले तर, चालतो. ग्रॅनाइटच्या चौकटीत मात्र घसरतो. सर्वात भरवशाचा म्हणजे भिंतीचा बार, आरसीसी बीममध्ये 10 मिमीच्या अँकर फास्टनरने बसवलेला. चार इंची पार्टिशन किंवा हलक्या ब्लॉकची भिंत नको. भिंतीपासून दांडी 50 ते 60 सेंमी पुढे हवी, नाहीतर गुडघे आपटतात. स्वतः बनवून घेणार असाल तर एक इंची जीआय पाइप घ्या, त्याचा बाहेरचा व्यास 33 मिमीच्या जवळपास येतो. सव्वा इंची पाइप बायकांच्या हातात मावत नाही. आणि पंख्याच्या हुकाला दोर बांधून कुणी लटकू नये, हे लिहावं लागतंय.

प्रश्न : वय 53, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. उतरणी करताना लघवीचे थेंब सुटतात. लाज वाटते म्हणून विचारलं नाही कुणाला.
– नाव नको

उत्तर : लाजण्यासारखं काही नाही, हे पुष्कळजणींना होतं. श्वास कोंडला की पोटातला दाब खाली ओटीपोटाच्या तळाकडे जातो. जोर लावताना तोंडाने श्वास सोडत राहा, मोजणी मोठ्याने म्हटली की हे आपोआप होतं. रक्तदाब असलेल्यांनीही श्वास कोंडू नये. बारवरून उडी मारून उतरू नका, स्टुलावर पाय टेका. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर हे विशेष पाळा. थेंब थांबेपर्यंत पहिल्या पायरीवर परत जा, म्हणजे पाय टेकून लटकणं. खाली जड काही उतरल्यासारखं वाटत असेल तर व्यायाम थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तसं नसेल तर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाणं पुरेसं ठरू शकतं.