भंगारातला वाटणारा रणगाडा

गेल्या अंकात मी टी-७२ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल जोडायला घेतल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं त्याच रणगाड्याबद्दल आहेत. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं, कारण तो प्रश्न मला स्वतःला कितीतरी वर्षं पुरला होता.

प्रश्न : मी टी-७२एम१ पूर्ण केला. कडांवर चंदेरी ओरखडे काढले, जागोजागी गंज दाखवला, चाकांवरसुद्धा. महिनाभर राबलो, पण बघणारे म्हणतात, 'भंगारातून उचलून आणलाय का?' फोटो जोडला आहे. माझं नेमकं कुठे चुकलं?

उत्तर : फोटो भिंगाखाली धरून पाहिला. तुमचा हात स्थिर आहे, ब्रशवर ताबा आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका. चुकलं ते एवढंच की सगळा रणगाडा तुम्ही एकाच लोखंडाचा धरलात.

मी बत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या मटेरियलच्या रकान्यावर जायची. मॉडेल रंगवतानाही मी प्रत्येक भागापाशी थांबून तोच रकाना मनात भरते. हा भाग कशाचा आहे? तो कशाला घासतो? त्यावर कुणाचा पाय पडतो?

चाकांपासून सुरू करू. टी-७२ची सहा जोड रोडव्हील्स, म्हणजे गाडीचं वजन पेलणारी मोठी चाकं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत आणि त्यांवर रबरी टायर आहेत. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. तिथे रंग उडाला तर खाली फिकट, निस्तेज राखाडी दिसेल. तुम्ही चाकांवर दिलेला गंज आधी काढा, निम्मा भंगारपणा तिथेच जाईल.

बाजूचे लांब पडदे रबरी आहेत. धडकले तर ते वाकतात, कडेला फाटतात, पण त्यांच्यातून चांदी कधी बाहेर येत नाही. रंग निघाला की खालून मळकट काळा दिसतो. तुम्ही त्यांच्या खालच्या कडेवर जी चकाकती रेघ ओढली आहे, तिने सगळ्यात जास्त घात केला आहे. तोफेच्या बॅरलवरचं आवरण तापमानामुळे नळी वाकू नये म्हणून असतं आणि ते पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आहे. त्याला पोचे पडतील, गंज नाही.

मग गंज कुठे? चाकांभोवती फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर. त्यांचं पोलाद उघडं असतं आणि एका पावसात तांबूस होतं. पण गाडी चालली की जमिनीला टेकणारा भाग घासून उजळतो. तसेच आतले दात, जे चाकांच्या मधून धावतात, तेही उजळतात. म्हणून पट्टा आधी गडद तपकिरी रंगवा, खाचांत धूळ भरा आणि घासणाऱ्या जागांवर शेवटी मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा. चंदेरी रंगापेक्षा शिसं कितीतरी खरं दिसतं.

मागची दोन इंधनाची पिंपं पातळ पोलादी पत्र्याची असतात, एकेकात दोनशे लिटर मावतं. त्यांना पोचे हवेतच. झाकणापाशी सांडलेल्या डिझेलचा ओला, गडद डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. त्यांच्याखाली आडवा बांधलेला ओंडका लाकडाचा आहे, चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायला तो पट्ट्यांखाली घालतात. त्याला दोरखंडाचे वळ आणि चिरा दाखवा.

आता काजळी. या रणगाड्याचं इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि धूर डाव्या बाजूने, मागच्या मडगार्डावरून बाहेर पडतो. म्हणजे काळं पडायचं ते डावीकडेच. तुम्ही दोन्ही बाजूंना सारखी काजळी दिली आहे. उजवीकडची पुसून टाका.

राहिला ओरखड्यांचा आकार. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा होतो. तुमच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, ३-४ मिलिमीटरचे टवके आहेत, म्हणजे तळहाताएवढे रंगाचे पापुद्रे निघालेले. सैन्यात चालत्या गाडीची निगा राखली जाते, तिला पुन्हापुन्हा रंग दिला जातो. तेव्हा टवके बारीक ठेवा, आणि जिथे माणसं चढतात-उतरतात तिथेच : झाकणांच्या कडा, मडगार्डाची पुढची बाजू, अवजारांच्या पेट्यांच्या कड्या. चंदेरी रंग बाजूला ठेवून गडद तपकिरी घ्या. स्पंजाचा तुकडा रंगात बुडवा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर टिपा आणि मग हलकेच टेकवा.

मूळ रंगाची तीच बाटली घेऊन तुम्हाला यातलं बरंच झाकता येईल. किट फेकू नका. दुरुस्त केल्यावर पुन्हा फोटो पाठवा, मला तो पाहायचा आहे.

प्रश्न : टी-७२चा टरेट किटमध्ये इतका गुळगुळीत आहे की वाटी उपडी घातल्यासारखा दिसतो. काही करता येईल का?

उत्तर : करायलाच हवं. टी-७२चा टरेट ओतीव आहे आणि साच्यातून निघालेल्या पोलादाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्याच्या खालच्या हलच्या, म्हणजे गाडीच्या धडाच्या, पोलादी पाट्या मात्र लाटून काढलेल्या, म्हणून सपाट. हा फरक हाताला लागला पाहिजे.

मी पुट्टीत प्लास्टिक चिकटवायचं लिक्विड सिमेंट घालून पातळ लगदा करते आणि केस कापून आखूड केलेल्या जुन्या ब्रशने टरेटवर ठोकते. ओढायचं नाही, ठोकायचं. एका वेळी दोन बोटं रुंदीचा भाग. रात्रभर वाळू द्यायचं आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचे टोकदार कण घालवायचे. खिडकी उघडी ठेवा, त्या वासात बसू नका.

किती खडबडीत? तुम्हाला वाटेल त्याच्या निम्मं. माझ्या पहिल्या टरेटवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे उमटले होते, आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ, गडद रंग) दिल्यावर तो प्रत्येक खड्डा आणखी उठून दिसला. प्रायमर मारेपर्यंत पोत जेमतेम जाणवावा इतकाच ठेवा. आणि टरेट हातात आहेच, तर समोरून बघून इन्फ्रारेड दिवा तपासा : बहुतेक टी-७२वर तो तोफेच्या उजवीकडे असतो, म्हणजे आत बसलेल्या चालक दलाच्या उजवीकडे. आपण समोर उभे असलो की तो आपल्याला डावीकडे दिसेल. टी-६४वर तो उलट बाजूला असतो, आणि फोटो पाहताना या दोन गाड्यांची गफलत होते.

प्रश्न : गडद वॉश दिला आणि दुसऱ्या दिवशी दोन चाकांचे दांडे आपोआप तुटले. मी गाडी पाडली नव्हती. हे कशामुळे झालं?

उत्तर : वाचून वाईट वाटलं, कारण हे माझ्याही टेबलावर घडलं आहे. रात्री चेसिसवर हात सैल सोडून वॉश ओतला, सकाळी पाहते तर सस्पेन्शनचे तीन दांडे मुळापासून निखळलेले. किटमध्ये दोष असेल असं मला कित्येक दिवस वाटत होतं.

दोष पातळ करणाऱ्या द्रवाचा आणि ताणाचा मिळून असतो. घट्ट बसवलेल्या, थोड्या वाकलेल्या प्लास्टिकमध्ये ताण अडकलेला असतो. उघड्या प्लास्टिकवर व्हाइट स्पिरिटसारखा द्रव साचला की तो फटीतून आत शिरतो आणि ताणलेल्या जागी तडे पाडतो. चाकांचे दांडे नेमके तिथेच येतात, कारण चाकं आपण जोर लावून दाबतो आणि वरून पट्टा त्यांना खेचत असतो.

म्हणून खालचा भागही रंगाने आणि त्यावर क्लिअर वार्निशने पूर्ण झाका, आतली आणि मागची बाजूसुद्धा. चाक दांड्यावर सैल बसेल इतकं भोक घासून मोठं करा. वॉश ओतू नका, बारीक ब्रशने खाचेत सोडा, तो आपला आपण धावतो. जादा झालेला पंधरा-वीस मिनिटांनी किंचित ओल्या ब्रशने टिपा. तुटलेले दांडे पुन्हा नुसते चिकटवू नका. १ मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळी तार घाला, तो सांधा तुमच्या हयातीत तुटणार नाही.

प्रश्न : पितळी फोटो-एच सेट (रसायनाने कोरलेले पातळ पत्र्याचे भाग), धातूची बॅरल, एकेक कडी सुटी जोडायचे पट्टे... यातलं काय घ्यावं?

उत्तर : एकच घ्यायचं असेल तर इंजिनावरच्या जाळ्या. किटमधली जाळी ही भरीव प्लास्टिकवर उमटवलेली चौकट असते, तिच्यातून खालचा अंधार दिसत नाही, पितळी जाळीतून दिसतो. वाकवण्याआधी पितळ मेणबत्तीवर तापवून आपोआप गार होऊ द्या, ते मऊ होतं.

बॅरल किटचीच चालेल. दोन अर्ध्या जोडल्यावर सांध्यावर पॉलिश पेपर आडवा फिरवा, लांबीच्या दिशेने नको, नाहीतर नळी चपटी होते. १२५ मिलिमीटर तोफेचं तोंड या मापात साडेतीन मिलिमीटरचं भरतं, ड्रिलने तेवढं खोल करा. मडगार्डाच्या कडा आतून खरवडून पातळ करा : १ मिलिमीटर जाड प्लास्टिक म्हणजे खऱ्या गाडीत ३५ मिलिमीटरची पाटी, आणि मडगार्ड तर साधा पत्रा आहे. ब्लेड नवं हवं आणि हा सगळा खर्च वेळेचा आहे.

सुटे पट्टे मन लावून बसणार असाल तरच घ्या. टी-७२ला वरच्या बाजूला तीन छोटे रोलर आहेत, पट्टा त्यांच्यामधे थोडासाच झुलतो. टी-५५ला ते रोलर नाहीत, तिथे पट्टा थेट चाकांवर विसावतो. त्या गाडीला सुटे पट्टे जास्त शोभतात.

प्रश्न : मावशी, मी आठवीत आहे. माझ्या रणगाड्याची अँटेना डब्यातच मोडली. तारेची केली तर खूप जाड दिसते. काय करू?

उत्तर : तुझ्याकडे अँटेना आहे, तुला ठाऊक नाही एवढंच. किटचे भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात, ती चौकट टाकून दिली नाहीस ना? त्या स्प्रूचा वीतभर सरळ तुकडा काप. घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसव आणि मेणबत्ती लाव.

तुकडा दोन्ही टोकांना धर. मधला भाग ज्योतीच्या वर, पण ज्योतीला न लावता, सावकाश गोल फिरवत राहा. ज्योतीत गेला तर पेटतो आणि काळा धूर होतो, तेव्हा घाई नको. मधला भाग चमकू लागेल आणि खाली झुकेल. तेवढ्यात ज्योतीवरून बाजूला घे आणि दोन्ही हात एकमेकांपासून लांब ने. पटकन ओढलंस तर केसासारखा धागा निघतो, सावकाश ओढलंस तर जाड. ओढून झाल्यावर लगेच सोडू नकोस, दहापर्यंत मोजत ताणून धर, म्हणजे तो सरळ गार होतो.

पहिले चार-पाच तुकडे वाया जातील, स्प्रू भरपूर असतो. जो धागा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक आला असेल तो निवड, खरी अँटेना तशीच निमुळती असते. जाड टोक टरेटवरच्या बुडख्यात थेंबभर सिमेंटने बसव आणि पूर्ण वाळेपर्यंत मॉडेल हलवू नकोस.