पी००८७ आला म्हणून लगेच पंप उतरवू नका

दादा, प्रश्न नीट वाचला तुमचा. २०१२ ची मिनीबस, आधीच्या मालकाने मोटरहोम करून घेतलेली, तुम्ही ती विजापूरकडून आणली, आता तुळजापूरचा घाट चढताना गाडी ओढत नाही, चेक लाइट लागतो, मोबाईलवर पी००८७ आणि पी०५६२ असे दोन कोड आले आणि गॅरेजवाले म्हणतायत हाय प्रेशर पंप (डिझेल जोरात दाबून इंजिनला पुरवणारा) गेला. थांबा की ओ जरा. पंप सगळ्यात शेवटी बघायचा.

पी००८७ म्हणजे रेलमधलं (सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारा कॉमन पाइप) डिझेलचं प्रेशर ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितलं त्यापेक्षा कमी भरलं, एवढंच. का कमी भरलं ते ईसीयूला कळत नाही, त्याला फक्त रेलवरच्या सेन्सरचा व्होल्टेज दिसतो. फिल्टर चोक असेल, लाइन हवा धरत असेल, एखादा इंजेक्टर रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडत असेल, प्रेशर रेग्युलेटर अडकत असेल, सेन्सरची वायर कुठेतरी घासली असेल, नाहीतर पंप खरंच झिजला असेल, या सगळ्यांना कोड हाच येतो. दुसरा पी०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी. माझं लक्ष आधी या दुसऱ्या कोडवर गेलं, कारण गाडी मोटरहोम आहे आणि मोटरहोममध्ये कंपनीच्या वायरिंगवर नंतर कोणीतरी हात मारलेला असतोच.

आता स्कॅनरचं. आरसी बुकात बीएस-३ आहे का बीएस-४ (धुराच्या नियमांचे टप्पे) ते आधी बघा. २०१० ला बीएस-४ देशातल्या ज्या १३ शहरांत आधी आलं त्यात आपलं सोलापूर पण होतं, पण बाकी ठिकाणी बीएस-३ गाड्या २०१७ पर्यंत विकल्या जात होत्या, त्यामुळे बाहेरून आलेली २०१२ ची गाडी बीएस-३ असू शकते. ओबीडी-२ (स्कॅनरने कोड वाचायची स्टँडर्ड पद्धत) आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून सक्तीचं झालं. म्हणजे तुमच्या गाडीला १६ पिनचं सॉकेट असलं तरी आत सगळं स्टँडर्ड असेलच असं नाही, बऱ्याच जुन्या गाड्या ७ नंबरच्या पिनवर के-लाइनने (स्कॅनरशी बोलायची जुनी एका वायरची पद्धत) बोलतात, ६ आणि १४ वरचं कॅन (नवी दोन वायरची पद्धत) त्यात नसतंच. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर के-लाइनला बऱ्याचदा गंडतात, मधेच लिंक तुटते, कधी अर्धेच कोड दाखवतात. आणि पी१ ने सुरू होणारे कोड त्या त्या कंपनीचे स्वतःचे असतात, जनरल ॲप त्याचा जो अर्थ दाखवतं तो दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा असू शकतो, त्यावर विसंबू नका. एकदा तरी तुमच्या मॉडेलला चालणाऱ्या चांगल्या स्कॅनरवर गाडी वाचून घ्या, मल्टिब्रँड स्कॅनरवाले ऑटो इलेक्ट्रिशियन सोलापुरात मिळतात.

हे वाचणाऱ्यांत कोणाकडे मोठ्या बसच्या चेसिसवरची २४ व्होल्टची गाडी असेल तर त्यांनी कारचा १२ व्होल्टचा डोंगल (सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर) लावूच नका, जळू शकतो. त्यातल्या काहींना ९ पिनचं गोल सॉकेट असतं आणि कोड पी ने येत नाही, एसपीएन-एफएमआय अशा जोडीने येतो. एसपीएन म्हणजे कुठलं माप, एफएमआय म्हणजे त्याला झालंय काय. एसपीएन १५७ म्हणजे रेल प्रेशर. त्याच्याबरोबर एफएमआय ३ किंवा ४ असेल तर आधी वायर आणि सेन्सर बघायचा, १ किंवा १८ असेल तर प्रेशर खरंच कमी पडतंय. ही पद्धत मला पी कोडपेक्षा खूप प्रामाणिक वाटते.

तुम्ही कोड क्लिअर करून बघितला असं लिहिलंय. इथून पुढे लिहून घेतल्याशिवाय क्लिअर करू नका, कारण कोडबरोबर फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते आणि खरी माहिती तीच असते: कोड पडला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, स्पीड किती. आता घाट चढून कोड परत आला की लगेच त्या स्क्रीनचा फोटो काढा. फुल लोडला पडत असेल तर डिझेल पुरत नाही असा संशय. आयडलला किंवा सपाट हैदराबाद रोडवर आरामात चालताना पडत असेल तर मी वायरिंगकडे वळेन. तिथे तिसरा-चौथा कोड पण एकदम दिसला तर वेगवेगळे पार्ट शोधत बसू नका, बऱ्याच सेन्सरची अर्थिंगची (मायनसची) वायर किंवा ५ व्होल्टची सप्लाय कॉमन असते, एक सेन्सर शॉर्ट झाला की बाकीचे पण खोटं बोलायला लागतात.

आता मीटर घ्या, साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची स्टार्टर बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायला सांगा, ०.२ च्या बराच वर आकडा गेला तर अर्थची पट्टी काढून दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने घासून परत कसा. सोलापूरच्या चाळीसच्या वरच्या उन्हात गाडी महिनोन्महिने उभी असली की वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं आणि कनेक्टरमध्ये धूळ बसते ते वेगळंच. गाडीतल्या घराच्या भागाची वेगळी बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज, सोलर हे सगळं कुठून जोडलंय ते शेवटपर्यंत हाताने वायर धरून बघा. इन्व्हर्टर थेट स्टार्टर बॅटरीवर किंवा इंजिनच्या अर्थवर टाकलेला सापडला तर पी०५६२ चं कारण बहुतेक तिथेच आहे. आणि डिझेल लाइनवर इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर कमी व्होल्टेजला तो डिझेल पण कमी देतो, म्हणजे दोन्ही कोड एकाच दुखण्याचे निघू शकतात.

व्होल्टेज बरोबर निघालं की मग डिझेल. फिल्टर बदला, खालचं पाणी सोडून बाटलीत धरून बघा, बराच काळ उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी आणि बुळबुळीत घाण साचते. आणि हे नक्की बघा: आधीच्या मालकाने थंडीच्या ट्रिपसाठी डिझेल हीटर किंवा जनरेटर बसवला होता का? त्याची नळी बऱ्याचदा टाकीतून वेगळी न घेता इंजिनच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) मारून घेतलेली असते, हीटर काढला तरी टी तिथेच राहते, आणि मग भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यायल्यासारखं होतं, डिझेल कमी आणि हवा जास्त. फिल्टरच्या आधी थोडी पारदर्शक नळी जोडा आणि आरपीएम वाढवून बुडबुडे दिसतात का बघा.

हे सगळं बरोबर असेल तर इंजेक्टर रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळ्या बाटलीत काही मिनिटं धरायचा आणि पातळी बघायची. एकाचाच जास्त भरला तर पंपाचा काही दोष नाही, तो एक इंजेक्टर टेस्ट बेंचवर द्या. हे काम डिझेलच्या माणसाकडूनच करून घ्या, आणि चालू इंजिनवर रेलचा किंवा इंजेक्टरचा लोखंडी पाइप कोणीही, म्हणजे कोणीही, सैल करू नये. आत हजार बारच्या वर प्रेशर जाऊ शकतं, बारीक धार कातडीत घुसली तर बोट जाऊ शकतं. तसं झालंच तर जखम छोटी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

रिटर्न सगळ्यांचे सारखे, फिल्टर नवा, हवा नाही, व्होल्टेज बरोबर, आणि तरी स्कॅनरच्या लाइव्ह डेटात मागितलेलं प्रेशर वर जातंय पण मिळणारं खाली राहतंय, तर प्रेशर रेग्युलेटर आणि रेलचा लिमिटर व्हॉल्व्ह (प्रेशर फार वाढलं तर सोडून देणारा) तपासून मग पंपाचं नाव घ्या. तोपर्यंत गॅरेजवाल्यांना ॲडव्हान्स देऊ नका. घाटातला फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि मीटरचे तीन-चार आकडे इथे टाका, त्यावरून पुढचं सांगतो.