सर्किट नसलेल्या नळीविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र मिळाले. टेक्सासला गेल्यापासून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढू लागला आहेस हे तू आपणहून कळवलेस, म्हणून त्यावर आज व्याख्यान देत नाही. ते सुटावे अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि त्याबद्दल सवडीने बोलूच. तुझ्या खोलीतल्या मित्राने तुला वापरायला दिलेल्या त्या पितळी नळीविषयी मात्र लगेच लिहिणे भाग आहे.

तिला मेकॅनिकल मॉड म्हणतात. दुकानातल्या साध्या उपकरणात सेल आणि कॉइल (द्रव तापवून त्याची वाफ करणारी तार) यांच्यामध्ये एक छोटे सर्किट असते. कुठे शॉर्ट झाले, कॉइलचा रोध फार कमी निघाला किंवा बटण बराच वेळ दाबलेले राहिले, तर ते प्रवाह तोडते. या नळीत ते मुळातच नाही आणि बटण दाबले की सेल थेट कॉइलला जोडला जातो. वाफ दाट येते हे मित्राचे म्हणणे खरे आहे, पण ती कशाच्या जोरावर येते ते पाहा. ओहमचा नियम तू माझ्याकडेच शिकलास. पूर्ण भरलेल्या सेलचे विभवांतर ४.२ व्होल्ट आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइलचा रोध, तू लिहिल्याप्रमाणे, ०.१ ओहम, म्हणजे धारा ४२ अँपिअरच्या घरात जाते. सेलच्या अंतर्गत रोधामुळे ती प्रत्यक्षात थोडी कमी भरेल, तरी १८६५० मापाच्या चांगल्या सेललाही सतत २० ते ३० अँपिअरच झेपतात. त्यातून वेष्टनावर छापलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण जुन्या किंवा हलक्या सेलवर नवे वेष्टन चढवून फुगवलेल्या आकड्यांनी ते विकणारे पुष्कळ आहेत.

मर्यादेबाहेर तापलेल्या सेलच्या आतला पातळ पडदा वितळतो, धन आणि ऋण थर एकमेकांना भिडतात, आणि त्या उष्णतेने सुरू झालेली रासायनिक क्रिया स्वतःच आणखी उष्णता निर्माण करत जाते. तिथून पुढे बटण सोडून काही उपयोग नसतो. वायूला बाहेर पडायला पुरेशी छिद्रे नसतील तर नळीच फुटते, आणि त्या वेळी ती तुझ्या तोंडाशी असते. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे अशा स्फोटातले तुकडे डोक्यात शिरून एक माणूस गेला. जानेवारी २०१९ मध्ये तुझ्याच राज्यात, फोर्ट वर्थला, चोवीस वर्षांच्या एका तरुणाची मानेतली धमनी उडालेल्या धातूने तुटली आणि तो वाचला नाही.

छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. सेलचे प्लास्टिकचे वेष्टन वरच्या कडेला नखाएवढे फाटले आहे. सेलचा सगळा डबा ऋण असतो आणि धन असते ती फक्त वरची टिकली, त्यामुळे त्या फाटक्या जागी नळीची भिंत ऋण टोकाला टेकू शकते. दुसरे म्हणजे, वर बसवलेल्या द्रवाच्या टाकीची मधली पिन भोवतालच्या आट्यांच्या पातळीतच दिसते. ती पुढे आलेली नसेल तर नळीच्या भिंतीला जोडलेल्या आट्यांची धातूची कड धन टिकलीला भिडते. हे दोन्ही एकाच वेळी घडले, तर बटणाला हातही न लावता शॉर्ट होईल.

ती नळी वापरू नकोस. सेल आजच बाहेर काढ, टोकांना चिकटपट्टी लाव आणि जुने रिचार्जेबल सेल स्वीकारणाऱ्या दुकानात नेऊन दे. कचऱ्यात टाकू नकोस. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात कधीच ठेवायचा नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या १९५ घटना तपासल्या, त्यांतल्या ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता, म्हणजे ते कोणी ओढतही नव्हते. ४८ घटना चार्जिंगच्या वेळच्या होत्या, म्हणून मित्र रात्री झोपताना सेल चार्जरवर लावत असेल तर ते आजच बंद करायला सांग. दुर्दैवाने कोणाला इजा झालीच, तर पेटलेले कपडे उतरवून थेट रुग्णालय गाठा आणि लिथियमचा सेल फुटला आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. असे भाजणे उष्णतेबरोबर रसायनांचेही असते आणि उपचार त्यानुसार ठरतात.

सुट्टीत घरी येताना यातले काहीही सामानात नको. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवरही बंदी आहे.

मित्राला दुखवायला नको म्हणून तू गप्प राहशील, याची मला काळजी वाटते. त्याने स्वतःसाठीही तशीच नळी ठेवली आहे, तेव्हा वरचा ४२ अँपिअरचा हिशेब त्याच्यासमोर मांड आणि त्याच्या सेलची कड दोघे मिळून उजेडात तपासा. काय दिसले ते मला कळव.

तुझा,
सर