जपानी शाळेशी पहिली ओळख: तिसरी-चौथीच्या वर्गासाठी

ताई, मुलांना जपानची ओळख करून देताना पहिल्याच वर्षी किमोनो, सुशी, सामुराई असं सगळं कोंबू नका. मी तेच केलं होतं. मुलांच्या लक्षात फक्त तलवार राहिली.

सुरुवात शाळेच्या दिवसापासून करा. तिकडची मुलं दारात बूट काढून उवाबाकी, म्हणजे शाळेतले बूट घालतात. दुपारचं जेवण वर्गात एकमेकांना वाढतात, वर्ग स्वतःच झाडतात-पुसतात. आपली पोरं यावर तासभर बोलतात. (‘आम्ही पण चपला बाहेर काढतो!’ हे येणारच, येऊ द्या.)

जपानी शाळेशी व्हिडिओ कॉल ठरवताना:
- त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढे. आपल्या सकाळी ८ ला तिथे साडेअकरा.
- ऑगस्टमध्ये त्यांना सुट्टी असते, एप्रिलमध्ये नवं शालेय वर्ष सुरू होतं. नोव्हेंबर बरा.
- नुसतं बघायला बसवू नका, दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. आपल्यांनी आकाशकंदील शिकवावा, त्यांच्याकडून ओरिगामीचा करकोचा शिकावा.

कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं, आत्ता नकोच. ‘कोन्निचिवा’ (नमस्कार) पुरे, तिकडच्या शिक्षकांचे आभार मानताना मात्र मुलांना ‘अरिगातो गोझाइमास’ असं पूर्ण म्हणायला लावा. पुण्यात असाल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आधी दाखवून आणा, जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचं आहे.